पंचाविना खेळ

नियम मोडला गेला हे कोणी सांगावयाचे, असा प्रश्न बहुतेक खेळांत उद्भवत नाही. तेथे पंच असतो. त्याने शिटी वाजवली किंवा बोट वर केले की वाद मिटतो. निदान मिटावा अशी अपेक्षा असते. खेळाडूने खेळावे आणि पंचाने न्याय करावा ही श्रमविभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामुळे खेळाडूच्या शिरावरील नैतिक भार किती हलका होतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. जे पंचाला दिसले नाही ते घडलेच नाही, असे समजून पुढे जाण्याची मुभा त्याला मिळते. परंतु जेथे पंचच नाही, जेथे प्रतिस्पर्धीच एकमेकांचे साक्षीदार आणि न्यायाधीशही आहेत, तेथे ही मुभा उरत नाही. तेथे नुसते पाहणे हीसुद्धा एक जबाबदारी होऊन बसते.

अशा एका खेळाविषयी, आणि त्यातल्या अगदी क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या चुकांविषयी, येथे काही लिहावयाचे आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासाला वाहिलेल्या या पृष्ठांत डिस्क गॉल्फ नावाच्या अमेरिकी खेळाची चर्चा काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तथापि ज्या प्रश्नापाशी हा खेळ आपल्याला नेऊन सोडतो, तो आपल्या वाङ्मयाला नवा नाही. नियमभंग डोळ्यांसमोर घडला असता साक्षीदाराने काय करावे, हा तो प्रश्न होय. द्यूतसभेपासून गल्लीतल्या गोट्यांच्या डावापर्यंत आपण तो विचारीत आलो आहोत.

१

प्रथम खेळाची ओळख करून द्यावयास हवी. गॉल्फमध्ये चेंडू आणि दांडा असतो. येथे हाताने फेकावयाची प्लॅस्टिकची चकती असते. तेथे जमिनीत खळगा असतो. येथे खांबावर बसवलेली लोखंडी टोपली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत विसावली, की ते लक्ष्य पुरे झाले. अशी बहुधा अठरा लक्ष्ये असतात आणि जो कमीत कमी फेकींत ती पुरी करील तो विजयी ठरतो. ‘फ्रिस्बी’ बनवणाऱ्या वॅम-ओ कंपनीत काम केलेले एड हेडरिक हे या खेळाचे जनक मानले जातात. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथील बागेत १९७५ मध्ये त्यांच्या आखणीने झालेले मैदान या खेळाचे पहिले स्थायी मैदान समजले जाते. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळाडूंची संघटना स्थापन केली आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. आज खेळाचे नियम हीच संघटना ठरवते.

सामन्यात खेळाडूंचे तिघातिघांचे, चौघाचौघांचे गट पाडलेले असतात. एक गट पहिल्या लक्ष्यापाशी, दुसरा पाचव्यापाशी, तिसरा झाडीआड कोठेतरी बाराव्यापाशी. एवढ्या विस्तीर्ण आणि झाडाझुडपांनी भरलेल्या मैदानात प्रत्येक गटामागे पंच ठेवणे शक्य नसते. म्हणून एखाद्या मोठ्या सामन्याचा अपवाद वगळता गटातील खेळाडूच एकमेकांवर लक्ष ठेवतात, फेकी मोजतात आणि स्कोअरकार्डावर मांडतात.

आता त्या लहान चुका पाहू. चकती जेथे पडली तेथे खेळाडू खुणेची एक छोटी चकती ठेवतो. तिच्या मागे वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब असा एक काल्पनिक आयत असतो. चकती हातातून सुटते त्या क्षणी पाय त्या आयतात टेकलेला हवा आणि शरीराचा कोणताही भाग टोपलीच्या बाजूला खुणेपुढे टेकलेला नसावा. टोपलीपासून दहा मीटरच्या आत असताना आणखी एक बंधन येते. फेकीनंतर तोल पूर्णपणे सावरल्याचे दाखवल्यावाचून खुणेपुढे पाऊल टाकता येत नाही. पाळी आल्यावर फेकीसाठी तीस सेकंद मिळतात. दुसरा फेकत असताना बोलू नये, हालचाल करू नये. हे सारे नियम असे आहेत, की ते थोडेसे मोडले तरी बहुतेक वेळा कोणाचे काही बिघडत नाही. म्हणूनच ते मोडले जातात, आणि म्हणूनच त्यांविषयी कोणी बोलत नाही.

नियमपुस्तिका मात्र बोलावयास सांगते. नियमभंग स्पष्टपणे घडला असेल तर तो लगेच उच्चारावा, अशी तिची खेळाडूकडून अपेक्षा आहे. पायाच्या चुकीविषयीचा नियम अनेक वर्षे असा होता: चूक घडल्यापासून तीन सेकंदांच्या आत कोणीतरी ती मोठ्याने सांगावयाची, आणि गटातील दुसऱ्या कोणीतरी तिला दुजोरा द्यावयाचा. दुजोरा मिळाला तर फेरीतल्या पहिल्या चुकीला ताकीद आणि पुन्हा फेक. त्याच फेरीत पुन्हा चूक झाली तर एका फेकीचा दंड. दुजोरा मिळाला नाही तर काहीच घडले नाही. निर्णयाविषयी मतभेद झाल्यास गटाचे बहुमत ग्राह्य धरावयाचे आणि शंकेचा फायदा फेकणाऱ्याला द्यावयाचा.

आपल्याकडच्या संस्थांच्या सभांत ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक लागतो. या खेळातील न्यायही नेमका असाच आहे. सूचक धीट असून भागत नाही. त्याच्या शेजारी अनुमोदक उभा राहावा लागतो.

२

या विषयाकडे मी वळलो तो एका वैयक्तिक अनुभवामुळे. काही वर्षांपूर्वी अध्यापनाच्या निमित्ताने एका अमेरिकी विद्यापीठात मला वर्षभर राहावे लागले. वसतिगृहामागच्या बागेत हा खेळ चाले. संध्याकाळी एकट्याने फिरण्यापेक्षा हे बरे, म्हणून मी चकत्या विकत घेतल्या आणि पुढे शनिवारच्या छोट्या सामन्यांत नवशिक्यांच्या वर्गात नाव घालू लागलो. प्रवेशशुल्क थोडे, बक्षीस त्याहून थोडे.

अशाच एका सामन्यात आम्ही चौघे एका गटात होतो. एक निवृत्त शाळामास्तरीण, एक वर्कशॉपमध्ये काम करणारा तरुण, एक विद्यार्थी आणि मी. तरुण स्वभावाने अतिशय गोड होता. माझी झुडपात हरवलेली चकती त्याने दोनदा शोधून दिली होती. त्याला एकच खोड होती. टोपलीपासून चारसहा मीटरवरून फेकताना तो पुढे झुके आणि चकती साखळ्यांना लागण्याआधीच त्याचे पाऊल खुणेपुढे पडे. दहाव्या लक्ष्यापाशी हे घडले तेव्हा त्या बाईंनी शांतपणे चूक उच्चारली. आवाजात राग नव्हता; भाजीवाल्याला वजन पुन्हा करावयास सांगावे तसा तो स्वर होता. तरुणाने आम्हा दोघांकडे पाहिले. विद्यार्थी म्हणाला की, माझे लक्ष नव्हते. माझे लक्ष होते. मी पाऊल पडताना स्वच्छ पाहिले होते. पण मी खांदे उडवले आणि खाली वाकून माझी पिशवी उचलली. तीन सेकंद फार लवकर संपतात.

त्यानंतर बाई काही बोलल्या नाहीत. तशीच चूक तेराव्या आणि सतराव्या लक्ष्यापाशी पुन्हा झाली. त्यांनी ती उच्चारली नाही. त्यांनी तरी का उच्चारावी?

सामना संपल्यावर लाकडी टेबलापाशी स्कोअरकार्डांची बेरीज झाली. आमच्या वर्गात त्या तरुणाचा तिसरा क्रमांक आला, आणि त्याच्याहून एका फेकीने मागे असलेला दुसऱ्याच गटातील एक मध्यमवयीन गृहस्थ चौथा ठरला. बक्षिसे तिघांनाच होती. तो गृहस्थ हसून त्या तरुणाशी हस्तांदोलन करून गाडीकडे निघून गेला. दहाव्या लक्ष्यापाशी मी बोललो असतो तर तरुणाला ताकीद मिळाली असती. आणि तेराव्यापाशी त्याचे पाऊल एकतर मागे राहिले असते किंवा एका फेकीने महाग पडले असते. म्हणजे निकाल बदललाच असता असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की त्या गृहस्थाला कोणी विचारले नव्हते. त्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता.

मराठीत ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ म्हणतात. माझे मौन हे तसले दान होते. मी ते सौजन्य समजत होतो. त्याची किंमत मात्र झाडीपलीकडचा एक अनोळखी माणूस मोजत होता. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. पंचाविना खेळात लहान चुकीकडे केलेली डोळेझाक ही क्वचितच दोघांपुरती असते; बहुधा ती अनुपस्थितांच्या खिशातून दिलेली सूट असते.

३

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते उथळ नाहीत. त्यांचा विचार करावयास हवा.

पहिला आक्षेप असा, की पाऊल चार बोटे पुढे पडल्याने फेक काही सुधारत नाही. ज्या चुकीत लाभ नाही ती सांगण्यात काय अर्थ? पण लाभ झाला की नाही हे ठरवावयाचे कोणी? चुकीचा निर्णय डोळ्यांनी होतो. लाभाचा निर्णय तर्काने करावा लागतो, आणि तर्क मैत्रीकडे झुकतो. दहा मीटरच्या आतील तोलाचा नियम तर मुळात लाभासाठीच केलेला आहे. पुढे झेपावण्याची मुभा असती, तर जो अधिक झेपावेल त्याची टोपली अधिक जवळ आली असती. चार बोटे क्षम्य मानली तर वीतभर का नको, आणि वीतभर चालते तर पाऊलभर का नको, याचे उत्तर मग कोणापाशी राहत नाही.

दुसरा आक्षेप खेळाच्या आनंदाचा आहे. पदोपदी कायदा काढणाऱ्याबरोबर खेळण्यात मौज काय? हे खरे आहे, आणि मौजेसाठी मांडलेल्या डावात नियम सैल करण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु ते करण्याची रीत आपल्याकडची पोरे आपल्याला शिकवू शकतील. लपंडाव असो वा विटीदांडू, घरातले धाकटे पोर खेळायला आले की ते ‘लिंबूटिंबू’ ठरते. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. ही सवलत डावाच्या आरंभी, सर्वांदेखत आणि सर्वांच्या संमतीने दिलेली असते. प्रत्येक गड्याला ती ठाऊक असते, म्हणून ती न्याय्य असते. चूक घडल्यानंतर, मनातल्या मनात, एकट्यादुकट्याने दिलेली सवलत ही लिंबूटिंबूची सवलत नव्हे. तिला त्याच पोरांच्या भाषेत ‘रडीचा डाव’ म्हणतात, आणि तिच्यात रडी खाणारा एकटा नसतो. गप्प राहणाराही त्यात भागीदार असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लहान चुका सांगण्याचे हत्यार करता येते. फेरीभर गप्प बसून शेवटच्या लक्ष्यापाशी, नेमक्या महत्त्वाच्या फेकीला, प्रतिस्पर्ध्याची चूक काढणारे खेळाडू असतात. चूक खरी असते, नियम खरा असतो, आणि तरीही आपल्याला त्यात काहीतरी हीन वाटते. ते का? माझ्या मते चूक सांगितल्यामुळे नव्हे, तर आधीच्या साऱ्या चुका न सांगितल्यामुळे. पंधरा वेळा चालवून घेतलेली गोष्ट सोळाव्या वेळी गुन्हा ठरते तेव्हा ती नियमाची अंमलबजावणी राहत नाही, ती निवड होते. म्हणजे या आक्षेपातून मौनाचे समर्थन निघत नाही. उलट पहिल्याच लक्ष्यापाशी, काहीही पणाला लागलेले नसताना, चूक सांगावी असाच त्याचा निष्कर्ष आहे. लवकर सांगितलेली चूक ही माहिती असते. उशिरा सांगितलेली चूक ही चाल असते.

४

तरीही सांगणारा अप्रिय का होतो? गॉल्फच्या इतिहासात १९२५ च्या अमेरिकी ओपन स्पर्धेचा एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. पहिल्या फेरीत बॉबी जोन्सचा चेंडू फटका मारण्यापूर्वी गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. त्याने आपण होऊन एका फटक्याचा दंड लावून घेतला. पुढे विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि अतिरिक्त फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. आपली स्तुती त्याला आवडली नाही, यात स्तुती करण्यासारखे काय आहे असेच त्याचे म्हणणे होते. परंतु गॉल्फच्या जगाने त्याला त्या एका फटक्याबद्दल जवळपास संतपद दिले.

आता याच्याशेजारी दुसरा प्रसंग ठेवू. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वी क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउनला प्रथम ताकीद दिली होती आणि तरीही तो पुढे सरकल्यावर असेच बाद केले होते. नियम मंकडांच्या बाजूने होता; पुढे खुद्द डॉन ब्रॅडमन यांनीही आत्मचरित्रात त्यांची बाजू घेतली. पण क्रीज कोणी सोडली हे जग विसरले. मंकडांचे नाव मात्र त्या कृतीला चिकटले आणि कित्येक दशके ते दूषण म्हणून वापरले गेले. या प्रकारे बाद करणे ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या धावबादच्या नियमात आणावयास क्रिकेटच्या कायद्याला २०२२ साल उजाडावे लागले.

या दोन प्रसंगांतून निघणारा अर्थ फारसा सुखद नाही. स्वतःची चूक सांगणारा साधू ठरतो आणि दुसऱ्याची सांगणारा चहाडखोर. डच विचारवंत योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या १९३८ च्या ग्रंथात म्हटले आहे, की समाज लबाडी करणाऱ्या खेळाडूला खेळ मोडणाऱ्यापेक्षा सहज क्षमा करतो. कारण लबाड निदान खेळ मानल्याचे सोंग तरी करतो, खेळ मोडणारा मात्र त्या रिंगणाचा भासच नाहीसा करतो. चूक उच्चारणाऱ्यावर आपण चिडतो ते बहुधा याच गफलतीतून. तो खेळ मोडतो आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः रिंगण राखण्याचे काम तोच करीत असतो.

क्रिकेटमध्येही फलंदाज बाद असला तरी दाद मागितल्यावाचून पंच त्याला बाद देत नाही. तेथे दाद मागणे मात्र कोणी चहाडी समजत नाही. कारण दाद सारा संघ मागतो आणि निर्णय तिसरा देतो. डिस्क गॉल्फच्या गटात संघ नाही आणि तिसराही नाही. तेथे दाद मागणारा अगदी एकटा असतो. त्याचे ते एकटेपण संपवणे केवळ अनुमोदकाच्या हाती असते.

५

द्यूतसभेकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म-द्रोणांसह सारे वडीलधारे गप्प असताना विकर्ण उठतो आणि युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, शिवाय पणाची सूचना शकुनीची होती, तेव्हा द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे निःसंदिग्धपणे सांगतो. सभेत विकर्णाची वाहवा होते, शकुनीची निंदा होते, गलबला उठतो. परंतु गलबला म्हणजे अनुमोदन नव्हे. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांपैकी कोणी उभे राहून ‘मलाही असेच दिसले’ असे म्हणत नाही. मग कर्ण विकर्णाला पोर ठरवून खाली बसवतो. आपण विकर्णाचे धैर्य वाखाणतो. पण त्या सभेतील खरी उणीव सूचकाची नव्हती, अनुमोदकाची होती.

भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष युद्धाचे नियम आपसांत ठरवतात. रथ्याने रथ्याशीच लढावे, सैन्यातून बाहेर पडलेल्याला मारू नये, असावधावर प्रहार करू नये, शंख आणि भेरी वाजवणाऱ्यांवर शस्त्र चालवू नये. हा करार पाळला जातो की नाही हे पाहणारा तिऱ्हाईत नव्हता. एका बाजूने तो थोडा वाकवला, मग दुसऱ्या बाजूने त्याचा दाखला देऊन थोडा अधिक. आणि अखेर गदायुद्धात भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडते. तेव्हा नाभीखाली प्रहार करू नये हा नियम मोठ्याने उच्चारणारा एकटा बलराम उरतो, आणि त्याच्या हाती नांगर उचलण्याखेरीज दुसरा उपाय नसतो. तोवर नियम सांगण्याची वेळ टळून गेलेली होती. युद्धाची आणि शनिवारच्या खेळाची तुलना मी करीत नाही. परंतु नियम झिजतात ते कसे, याचे गणित दोन्हीकडे एकच आहे. ते मोठ्या अपराधांनी तुटत नाहीत, लहान अपराधांवरच्या मौनाने झिजतात.

६

दोष केवळ खेळाडूंच्या भिडस्तपणाचा नाही. नियम करणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. ताकीद आणि पुन्हा फेक, ही जुनी तरतूद वरवर सौम्य होती. पण तिच्यात एक पळवाट होती. जिची फेक वाईट गेली तिची चूक मित्रांनी काढली तर तिला फेक पुन्हा मिळे, म्हणजे चूकच फायद्याची ठरे. पुढील सुधारणांत ताकदीची ही पायरी काढून पहिल्याच पायचुकीला दंड ठेवण्यात आला. पळवाट बुजली, पण माझ्या मते एक दार बंद झाले. चूक सांगणे म्हणजे लगेच एक फेक हिरावून घेणे, असे समीकरण झाल्यावर भिडस्त माणूस अधिकच गप्प होतो. वेळेच्या आणि शिष्टाचाराच्या नियमांत पहिल्या वेळी नुसती ताकीद ठेवली आहे. ती पद्धत मानवी स्वभावाला अधिक जवळची आहे. शिक्षा जितकी जड, तितकी साक्ष महाग. लहान चुकांचे नियम टिकवावयाचे असतील तर फेक पुन्हा न देता पहिली ताकीद द्यावी, असे मला वाटते. सांगणाऱ्याला सांगताना जे ओझे वाटते ते अर्धे तरी त्याने कमी होईल.

खेळाडूंनी काय करावे हे नियमपुस्तिकेत अर्थातच आहे. पण तीत नसलेल्या तीन गोष्टी मला त्या बाईंकडून कळल्या. पहिली, चूक उच्चारताना माणसाविषयी बोलू नये, पायाविषयी बोलावे. दुसरी, ज्याच्याशी आपली चुरस नाही त्याचीही चूक तितक्याच तत्परतेने सांगावी. मग चुरशीच्या वेळी आपल्या शब्दावर कोणी संशय घेत नाही. तिसरी, आपली चूक कोणी सांगितली तर वाद न घालता पाऊल मागे घ्यावे. त्या शनिवारी चौथ्या लक्ष्यापाशी मीच एकदा खुणेपुढे पाय ठेवला होता. बाईंनी सांगितले, त्या तरुणाने हसत दुजोरा दिला, आणि मी ताकीद घेतली. जो न्याय मला मिळाला होता तो सहा लक्ष्यांनंतर मी पुढे दिला नाही. दहाव्या लक्ष्यापाशी मी ऋणी होतो, आणि ते ऋण मी बुडवले.

७

आपले स्वतःचे क्षेत्रही पंचाविनाच चालते, हे येथे थोडक्यात नोंदवावेसे वाटते. बहुभाषिक देशात साहित्याचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांपैकी प्रत्येकजण कोठेतरी अनुवादावर विसंबून असतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण कन्नड वा बंगाली कृती इंग्रजी अनुवादातून वाचून मुळावर भाष्य केल्याचा आव आणणे, दुय्यम ग्रंथातले अवतरण मुळातून घेतल्याप्रमाणे मांडणे, या आपल्या पायचुका आहेत. चार बोटांच्याच. त्या ओळखू शकतात ते त्या त्या भाषेचे मोजके जाणकार. दुसऱ्या कोणाला त्या दिसतही नाहीत. चर्चासत्रात असा एखादा जाणकार उठून अदबीने शंका विचारतो तेव्हा सभागृहात अवघडलेली शांतता पसरते, अध्यक्ष वेळेची आठवण करून देतात, आणि ज्यांना ती चूक दिसली होती असे दोघेतिघे समोरचा कागद वाचू लागतात. चहाच्या वेळी मात्र ते त्याला बाजूला घेऊन सांगतात की, तुमचे अगदी बरोबर होते.

चहाच्या वेळचे हे अनुमोदन मी स्वतः पुष्कळदा दिले आहे. ते निरुपयोगी असते, कारण तोवर स्कोअरकार्डांची बेरीज झालेली असते. ज्याने कृती मूळ भाषेत वाचण्यासाठी चार वर्षे ती भाषा शिकण्यात घालवली, तो संशोधक त्या सभागृहात नसतो. तो दुसऱ्या कोठल्यातरी गावी, दुसऱ्या गटात असतो. एका फेकीने मागे पडतो तो तोच.

वर्ष संपून परतण्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवारी मी पुन्हा त्या बाईंच्या गटात होतो. दुसऱ्याच लक्ष्यापाशी त्यांनी एका अनोळखी खेळाडूची चूक उच्चारली. मी तेथे होतो आणि मी पाहिले होते. दुजोऱ्याचा तो एक शब्द उच्चारावयास मला एक सेकंदसुद्धा लागला नाही. खेळाडूने मान डोलावली, ताकीद घेतली, आणि आम्ही तिसऱ्या लक्ष्याकडे चालू लागलो. खेळ मोडला नाही. कोणाचा आनंदही हिरावला गेला नाही. वाटेत बाईंनी माझ्याकडे पाहून काही म्हटले नाही. तशी त्याची गरजही नव्हती.